देशाची अब्रू आणि बाईची गोष्ट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'चित्रपटांतून परदेशात दिसणारा भारत' या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. मी चित्रपटांची अभ्यासक नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते आणि वेळ मिळेल तसे चित्रपट बघते, एवढाच माझा अधिकार. तेव्हा मी मांडणार आहे ती माझी वैयक्तिक मतं आहेत. पटली नाहीत तर दुपारच्या गटचर्चेत जरूर भांडा.

हा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : या चित्रपटानं देशाची बदनामी केली की नाही? हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटतो. केंद्रात एखादी बाई तक्रार घेऊन येते आणि आम्ही तिच्या सासरच्यांना बोलावतो, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा असं असतं, "घरातली गोष्ट हिनं चव्हाट्यावर आणली." मारहाण झाली का, पैसे मागितले का, यावर ते नंतर येतात, कधीकधी येतच नाहीत. त्यांचा सगळा राग तिनं सांगितलं याचा असतो. देशाच्या बाबतीतही नेमकं हेच होतं. घराची अब्रू जशी बाईच्या अंगावर टाकलेली, तशी देशाची अब्रूही तिच्याच अंगावर. म्हणून हा विषय केवळ समीक्षकांवर सोडून चालणार नाही, तो आपलाही आहे.

थोडं मागे जाऊ. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचं 'मदर इंडिया' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. बालविवाह, कोवळ्या वयातली बाळंतपणं, विधवांचे हाल यांची वर्णनं त्यात होती, आणि असा समाज स्वराज्याला लायक नाही असा एकूण सूर होता. देशभर संताप उसळला. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं. संताप रास्तच होता, कारण मेयोबाईंना आपल्या मुलींच्या कळवळ्यापेक्षा साम्राज्याची काळजी जास्त होती. पण त्या गदारोळात स्त्री-संघटनांनी काय केलं ते बघा. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. हरबिलास सारडा यांनी बालविवाहाला आळा घालणारं विधेयक आणलं, तेव्हा परिषदेच्या स्त्रियांनी ते उचलून धरलं, पुढाऱ्यांच्या भेटी घेतल्या, सभा भरवल्या. बदनामी झाली म्हणून नुसतं ओरडत बसण्यापेक्षा कायदा करून दाखवा, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. १९२९ मध्ये कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं.

मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. परकीय बाई खोट्या हेतूनं बोलते म्हणून आपल्या मुलीचं दुःख खोटं ठरत नाही, आणि आपलं दुःख खरं आहे म्हणून परकीय बाईचा हेतू चांगला ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवून त्या स्त्रियांनी काम केलं. आणि ते काम अजून संपलेलं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं.

पुढे १९५७ मध्ये मेहबूब खान यांनी 'मदर इंडिया' हेच नाव मुद्दाम घेऊन चित्रपट काढला. मेयोबाईंना ते उत्तर होतं. परदेशी भाषेतल्या चित्रपटांच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळालं. पण उत्तर कसलं दिलं? नांगर ओढणारी, भुकेल्या पोरांना वाढवणारी, सावकारापुढे न झुकणारी राधा शेवटी गावच्या लेकीच्या अब्रूसाठी पोटच्या पोराला गोळी घालते. नर्गिसचं काम बघून आजही माझ्या अंगावर काटा येतो. तरी मनात येतं, की जगासमोर भारताची मान ताठ राहावी म्हणून पुन्हा एका बाईनंच सगळं सोसायचं आणि सगळं गमवायचं!

याच नर्गिस १९८० मध्ये राज्यसभेच्या सदस्य झाल्या, आणि सत्यजित राय भारताची गरिबी परदेशात विकतात अशी टीका त्यांनी केली. त्यावर पुष्कळ वाद झाला. गंमत अशी, की गरिबी दाखवावी की नाही यावर सगळे भांडले, पण 'पथेर पांचाली'तली गरिबी कोणाच्या वाट्याला किती येते, हे फारसं कोणी विचारलं नाही. घरातली म्हातारी विधवा इंदिर ठाकरुन हाकलली जाते आणि बाहेर मरून पडते. चोरीचा आळ येतो तो दुर्गावर, धाकट्या अपूवर येत नाही. संसार रेटता रेटता आई सर्वजया कडवट होते. नवरा गावोगाव हिंडू शकतो, तिला तीही मुभा नाही. रायबाबूंनी हे सारं दाखवलेलं आहे. आपणच ते 'देशाची गरिबी' या एका शब्दाखाली झाकून टाकलं.

आता दुसऱ्या टोकाचा भारत बघू. तो परदेशातल्या आपल्याच माणसांसाठी तयार झाला. १९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला, १९९७ मध्ये 'परदेस'. इंग्लंड-अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांनी हे चित्रपट डोक्यावर घेतले. त्यात गरिबी नाही, बदनामीही नाही. पिवळी शेतं, करवा चौथ, आणि संस्कार सांभाळणारी मुलगी. 'परदेस'मधल्या नायिकेचं नावच गंगा! अमेरिकेत गेलेल्या मुलाला वळण लावण्यासाठी इथून गंगा न्यायची. 'दिलवाले'मध्ये सिमरनची आई तिला सांगते, की बाई म्हणून मी सगळं सोडलं, तुला सोडायला लावणार नाही. पूर्ण चित्रपटात मला हा प्रसंग सर्वांत खरा वाटतो. पण नायकाला पळून जायचं नसतं, वडिलांची परवानगी हवी असते. शेवटी वडील मुलीचा हात सोडतात तेव्हा कुठे ती धावू शकते. त्या हातातून स्वतःचा हात सोडवून घ्यायचा विचार तिला शिवत नाही.

तुम्ही म्हणाल, करमणुकीचे चित्रपट आहेत, एवढं काय मनावर घ्यायचं? मनावर घ्यायचं कारण असं, की आमच्याकडे 'फॉरेनचं स्थळ' म्हणून दिलेल्या मुली येतात. घाईघाईत लग्न, हॉलचा आणि दागिन्यांचा खर्च, नवरा पंधरा दिवसांनी परत. व्हिसा येतो येतो म्हणत वर्ष उलटतं, मग फोन उचलणं बंद. मुलगी सासरी राबते आहे, माहेरी परतावं तर आई म्हणते लोकांना काय सांगू. अशा मुलींना कोर्टाची नोटीस परदेशात बजावायची कशी, इथपासून सुरुवात करावी लागते. बदनामी करणाऱ्या चित्रपटांवर मोर्चे निघाले, पण या गोड चित्रपटांनी घराघरांत जे स्वप्न पेरलं त्याविरुद्ध कोणी घोषणा दिल्याचं मला माहीत नाही.

मोर्चे कुठे निघाले? दीपा मेहतांच्या 'फायर'वर. कॅनडात राहणाऱ्या या दिग्दर्शिकेनं दिल्लीतल्या मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबातल्या दोन जावांची गोष्ट सांगितली. परदेशातल्या महोत्सवांत चित्रपट गाजला, आणि इथे लागल्यावर डिसेंबर १९९८ मध्ये मुंबई, दिल्लीतल्या चित्रपटगृहांची मोडतोड झाली. ही आपली संस्कृती नाही, हा मुख्य आक्षेप. तेव्हा दिल्लीत रीगल चित्रपटगृहासमोर स्त्रिया मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या आणि काही जणींच्या हातात आपण भारतीय आहोत व लेस्बियनही आहोत असे फलक होते. मला वाटतं, 'भारत कसा दिसतो' या वादात एखाद्या बाईनं 'मी सुद्धा भारतच आहे' असं उभं राहून सांगण्याचे असे प्रसंग फार थोडे आले आहेत.

त्यांच्याच 'वॉटर'चं चित्रण २००० साली वाराणसीत सुरू व्हायचं होतं. सेट उद्ध्वस्त केला गेला. शेवटी तो श्रीलंकेत चित्रित झाला, २००५ मध्ये पूर्ण झाला आणि २००७ च्या ऑस्करला कॅनडातर्फे नामांकित झाला. म्हणजे काशीतल्या विधवांची गोष्ट कॅनडाची म्हणून जगासमोर गेली. बदनामी थांबवायला निघालेल्यांनी विधवांना काय हवं ते विचारलं होतं का? १९३८ मधल्या जुन्या गोष्टी कशाला उकरता, असंही म्हटलं गेलं. त्यांना २०२२ आठवावं. त्या वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. प्रथा संपल्या असत्या तर ठराव करावा लागला नसता. पण हेरवाडनं आपल्या गावाची प्रथा आपल्या तोंडानं मान्य केली, त्यामुळे गावाची बदनामी झाली का? उलट नाव झालं.

इथवर मी ज्यांना आपलं काहीच बाहेर दिसू नये असं वाटतं त्यांच्याबद्दल बोलले. आता ज्यांना आपलं दुःख तेवढं दिसायला हवं असतं त्यांच्याबद्दल बोलते. तुमच्यापैकी अनेकींना हा अनुभव असेल. एका परदेशी माहितीपटवाल्यांच्या इथल्या मदतनिसाचा मला फोन आला. "मॅडम, एखादी जळीत केस आहे का? चेहरा दिसणारी हवी. आणि घर झोपडपट्टीत असेल तर बरं." मी विचारलं, त्या बाईंनी नंतर पुन्हा शिवणाचं मशीन घेतलं, त्या आता आमच्या गटात इतरांना धीर देतात, ते दाखवाल का? तो म्हणाला, वेळ असेल तर. मी तो निरोप त्या ताईंच्या कानावर घातला, कारण नाही म्हणायचा हक्क त्यांचा, माझा नाही. त्यांनी एकच विचारलं, "ते लोक गेल्यावर माझ्या घरमालकाला कोण समजावणार?" याचं उत्तर त्या मदतनिसाकडे नव्हतं. ताईंनी नकार दिला.

संमतीचा हा प्रश्न १९९४ च्या 'बॅण्डिट क्वीन'पासून आपल्यासमोर आहे. ब्रिटनच्या चॅनल फोरच्या पैशावर शेखर कपूर यांनी तो काढला, परदेशात त्याच्या धाडसाचं कौतुक झालं. पण जिवंत असलेल्या फूलनदेवीनं आपल्यावरचे अत्याचार आपल्या परवानगीशिवाय पडद्यावर दाखवले म्हणून कोर्टाचं दार ठोठावलं. अरुंधती रॉय यांनी तेव्हाच जाब विचारला होता, की जिवंत बाईच्या बलात्काराचं तिच्या संमतीशिवाय पुन्हा प्रदर्शन करण्याचा अधिकार कोणाला आहे? पुढे फूलनदेवीनं तडजोड केली. १९९६ मध्ये ती मिर्झापूरहून लोकसभेवर निवडून गेली, २००१ मध्ये तिचा खून झाला. परदेशातल्या कितीतरी प्रेक्षकांना मात्र ती त्या विहिरीपाशीच आठवते.

आपल्या सांगलीच्या बायकांनी याला फार छान उत्तर दिलं आहे. २०१० मध्ये 'प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड' नावाचा माहितीपट इंटरनेटवर आला. एका ब्रिटिश बाईनं तो देवदासींवर केला होता. त्यात आपलं चित्रण कसं झालं आहे हे वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या स्त्रियांनी पाहिलं. त्या रडल्या नाहीत, की बंदीची मागणी करत बसल्या नाहीत. त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःचा व्हिडिओ केला आणि तो त्याच इंटरनेटवर जगापुढे ठेवला. आम्हाला काय सांगून चित्रण केलंत? आमच्या खासगी गोष्टी उघड करताना विचारलंत का? आमच्या देवाधर्माची टिंगल का केलीत? 'बिच्चाऱ्या' म्हणून दाखवलेल्या बायका दिग्दर्शिकेला नीतीचे प्रश्न विचारत होत्या!

आणि हे फक्त गोऱ्या लोकांच्या बाबतीत होतं असं समजू नका. 'रायटिंग विथ फायर' हा रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांचा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम यादीत होता. बुंदेलखंडात २००२ पासून दलित आणि इतर ग्रामीण स्त्रिया चालवत असलेल्या 'खबर लहरिया' या वृत्तपत्राची ती गोष्ट. मला तो आवडला. पण मार्च २०२२ मध्ये 'खबर लहरिया'नं स्वतःच निवेदन काढलं, की चित्रपट प्रभावी असला तरी आमचं काम त्यात अपुरं दिसतं, एकाच पक्षावरच्या वार्तांकनाभोवती आम्हाला उभं केलं आहे. जग टाळ्या वाजवत असताना 'ही आमची पूर्ण गोष्ट नाही' असं म्हणायला किती हिंमत लागते! चांगल्या हेतूचा चित्रपट असला तरी ज्यांची गोष्ट त्यांना बोलण्याचा हक्क राहतोच, हे त्यांच्याकडून शिकावं.

अलीकडच्या दोन चित्रपटांबद्दल सांगते आणि मग आपल्या कामाकडे वळते. २०२४ मध्ये पायल कपाडियाच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. मुंबईतल्या एका इस्पितळातल्या दोन मल्याळी नर्स आणि स्वयंपाकघरात काम करणारी रत्नागिरीकडची पार्वती. छाया कदम यांनी पार्वती केली आहे. प्रभाचा नवरा जर्मनीत आहे, फोन करत नाही, घरी भात शिजवायचा कुकर तेवढा येऊन पडतो. 'फॉरेनच्या स्थळा'ची ही खरी गोष्ट! पार्वतीचा नवरा गिरणी कामगार होता. तो वारल्यावर खोली तिच्या नावावर असल्याचा कागद नाही, म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो. घराचा कागद बाईच्या नावावर नसणं म्हणजे काय, हे मी शिबिरात तासभर समजावते, ते या चित्रपटात चार प्रसंगांत कळतं. त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करला हा पाठवला नाही. किरण राव यांचा 'लापता लेडीज' गेला, तोही बायकांचाच आणि मला आवडलेला, म्हणून निवडीबद्दल माझी तक्रार नाही. पण निवड समितीचे तेराही सदस्य पुरुष असल्याचं छापून आलं, आणि फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं, की कपाडियांचा चित्रपट समितीला भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला. चाळीतून हुसकावलेली, कोकणात परत जाणारी पार्वती भारतीय वाटली नाही! मग भारतीय बाई कशी असते? त्याच समितीच्या निवेदनाची सुरुवात भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा अर्थाच्या वाक्यानं झाली होती.

दुसरा चित्रपट संध्या सुरींचा 'संतोष'. नवरा वारल्यावर त्याच्या जागी पोलिसात लागलेली तरुण विधवा आणि एका दलित मुलीच्या बलात्कार-खुनाचा तपास. ब्रिटननं तो आपल्यातर्फे ऑस्करला पाठवला. सेन्सॉर बोर्डानं सुचवलेली काटछाट मोठी होती, दिग्दर्शिकेला ती मान्य नव्हती, आणि २०२५ मध्ये तो इथल्या चित्रपटगृहांत लागू शकला नाही. म्हणजे लंडनच्या बाईनं तो पडद्यावर बघायचा, आणि पोलीस चौकीत तक्रार लिहून घ्या म्हणून तासन्‌तास बसणाऱ्या आपल्या बाईनं नाही. परदेशात काय दिसतं याची चिंता करता करता देशातल्या बाईलाच काही दिसू दिलं जात नाही, हे माझ्या मते खरं नुकसान आहे.

तेव्हा 'बदनामी झाली का' हा प्रश्न आपण बाजूला ठेवू या. त्याऐवजी कोणताही चित्रपट बघताना, आणि विशेषतः कोणी कॅमेरा घेऊन आपल्या संस्थेच्या दारात आल्यावर, काही साधे प्रश्न विचारू या. पडद्यावरची बाई स्वतः बोलते, की तिच्याबद्दल दुसरंच कोणी बोलतं? ती मराठीत पाच वाक्यं बोलली आणि खाली इंग्रजीत एकच आलं, असं तर नाही ना? तिनं केलेली धडपड दिसते, की फक्त मार दिसतो? संमती तिच्या भाषेत, तिला समजेल अशी घेतली का, आणि उद्या तिचं मन बदललं तर ती मागे घेता येईल का? तयार झालेला चित्रपट तिला आधी दाखवणार का? चित्रपट गेल्यावर तिच्या वस्तीत, तिच्या मुलांच्या शाळेत जे होईल त्याला कोण उभं राहणार?

यातून 'आमच्या बायकांना भेटायचं नाही' असा दरवाजा आपणच लावून घ्यायचा नाही, हेही सांगते. आमच्याकडच्या दुसऱ्या एका बाईंना मी चेहरा झाकायचा पर्याय दिला, तर त्या म्हणाल्या, "तोंड त्यानं लपवावं. मी का?" बलात्काराच्या बाबतीत ओळख उघड करण्यावर कायद्याची बंधनं आहेत, ती पाळायलाच हवीत. पण एरवी बोलायचं की नाही, हा निर्णय तिचा. सासरा, पुढारी, दिग्दर्शक आणि आपण कार्यकर्त्या, यांपैकी कोणीही तो तिच्या वतीनं घेऊ नये.

माझी एक सूचना आहे. प्रत्येक गटानं पुढच्या तीन महिन्यांत असा एक चित्रपट वस्तीतल्या बायकांबरोबर बघावा, थांबवून थांबवून बघावा, आणि त्या काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढावं. आणि कॅमेरा घेऊन येणाऱ्यांसाठी सोप्या मराठीत एका पानाचं संमतिपत्रक आपण सगळ्यांनी मिळून तयार करावं. माझ्या केंद्रात त्याचा कच्चा मसुदा केला आहे. त्याच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवायला जाताना एकेक घेऊन जा आणि त्यावर पेन्सिलीनं हवं ते खोडून द्या.